माया सोडून शिवलेला कोट

रायगडच्या किनाऱ्यावर कोट ही नित्याच्या गरजेची वस्तू नव्हे. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन येथील दमट हवेत पौष महिन्यातही शालीवर भागते. लग्नात नवरदेवाच्या अंगावर कोट चढतो आणि दुसऱ्या दिवशी कपाटात जातो. मात्र कार्तिकी पौर्णिमेनंतर आपली कुटुंबे सम्मेदशिखरजीच्या यात्रेचा विचार करू लागली, की कोटाची खरी गरज भासते. वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी, पारसनाथ पर्वत, सुमारे १,३५० मीटर उंच आहे. चढण, टोंकांची वंदना आणि उतरण मिळून सत्तावीस किलोमीटरांची वाट. यात्रेकरू मधुबनातून उजाडण्यापूर्वीच निघतात. हिवाळ्यातील त्या पहाटेला किनाऱ्यावरची शाल पुरी पडत नाही.

कोट बाजारात सहज मिळतो. तरीही तो घरी शिवावा, असे सुचवण्यास कारण आहे. तयार कोटाच्या आत काय आहे, हे घेणाऱ्यास क्वचितच ठाऊक असते. छातीला आकार देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कॅनव्हासमध्ये घोड्याचे किंवा बकरीचे केस विणलेले असतात. काही उंची कोटांची बटणे शिंगाची असतात. अस्तर कधी रेशमाचे असते, आणि नेहमीच्या रेशमासाठी कोशातील जीव मारला जातो. ज्या घरात पाणी गाळून पितात, त्या घरात वस्त्राच्या पोटात काय दडले आहे याची चौकशी सहसा होत नाही. घरच्या कोटात ती आपोआप होते, कारण प्रत्येक थर आपल्याच हातून बसतो. सुती कॉर्डरॉय, आतून मांजरपाटाचा आधार, सुती अस्तर, खांद्यात पिंजलेला कापूस आणि नारळाच्या करवंटीची बटणे, एवढ्यावर उत्तम कोट होतो.

‘पण कोट म्हणजे मास्तरांचे काम!’ ही शंका बहुतेक भगिनी घेतात. वास्तविक ज्या हातांनी कटोरी ब्लाउज अंगासरसा बसवला आहे, त्यांनी टक्स, मुंढा, बाही, अस्तर या साऱ्या परीक्षा आधीच दिलेल्या असतात. ब्लाउजला अर्ध्या इंचाची चूक खपत नाही; कोट त्या मानाने उदार असतो. त्याची अवघड बाजू म्हणजे टप्प्यांची संख्या, आणि त्यावर धीर हाच उपाय.

हा किनाराही कापडाला परका नाही. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात उल्लेखलेले सेमिल्ला बंदर म्हणजे आपले चौल, असे अभ्यासक मानतात. पोर्तुगीज काळात तेथील रेशमी आणि सुती कापड नावाजलेले होते. आपल्यातील कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या कापड मोजत आली आहेत. पोत आणि पन्हा स्पर्शाने ओळखणारे हात त्याच कापडाला कात्री लावताना मात्र कचरतात.

पद्धत अशी. कापड प्रथम पाण्यातून काढून वाळवावे, म्हणजे पुढे आटणार नाही; आपल्याकडे हे वैशाखाच्या उन्हातच उरकावे. मग मांजरपाटाचा कच्चा कोट टाचून अंगावर घालून पाहावा आणि सारे फेरफार त्या स्वस्त कापडावर करावेत. कॉर्डरॉयला लव असते. सर्व तुकडे एकाच दिशेने ठेवून कापले नाहीत, तर उजेडात रंग वेगवेगळे दिसतात. बाहीचा गोलावा मुंढ्यापेक्षा थोडा मोठा असतो. ती वाढ धावदोऱ्याच्या दोन ओळींनी हळूहळू आवळून, चुणी न पडू देता बसवावी. लोकर वाफेने आक्रसून जागी बसते. सुती कापड तसे ऐकत नाही, म्हणून सुती कोटाला ही वाढ कमी ठेवावी. शिवावे ते दिवसाउजेडी. दिव्यावर झेपावणारे पावसाळी कीटक यंत्रात सापडत नाहीत, आणि गडद कापडावरचा टाकाही नीट दिसतो.

शिवणीच्या कडेला जे जादा कापड राखतात, त्याला आपल्या भाषेत ‘माया’ म्हणतात. कोटात ती भरपूर सोडावी, म्हणजे पुढे सैल करता येतो. चार कषायांतील माया, म्हणजे कपट, हीदेखील शिवताना सोडावीच लागते. पोट आत ओढून दिलेले माप आणि अस्तराखाली झाकलेली वाकडी शिवण आरशापुढे उभे राहताच उघडी पडतात. पर्युषणात आपण आर्जवाविषयी, सरळपणाविषयी, प्रवचने ऐकतो. बसत नसलेली बाही निमूटपणे उसवणे हा त्याचाच एक लहानसा अभ्यास आहे.

गेल्या चातुर्मासात आमच्या थोरल्या सूनबाईंनी सासऱ्यांसाठी, म्हणजे आमच्या यजमानांसाठी, असा कोट शिवला. डावी बाही तीन वेळा उसवली. चौथ्या वेळी ती बसली, तेव्हा त्यांनी कोणास हाक मारून दाखवले नाही. उजवी बाही हाती घेतली. कोट शिखरजीस जाऊन आला. त्याहून मोठा फरक घरात पडला. पूर्वी त्या दुकानात केवळ डबा पोहोचवण्यास जात. आता एखादे गिऱ्हाईक ‘कोटाला किती कापड लागेल?’ असे विचारते, तेव्हा यजमान त्यांना बोलावून घेतात. पन्हा पाहून, लव उलटसुलट फिरवून त्या मीटर सांगतात, आणि कापड तेवढेच फाडले जाते.

चातुर्मासात प्रवास कमी असतो आणि पावसामुळे दुकानातील वर्दळही ओसरते. वाचक भगिनींनी या महिन्यांत एक कोट हाती घ्यावा. पर्युषणापर्यंत कच्चा कोट अंगावर बसावा, दिवाळीपर्यंत काज-बटणे व्हावीत. समुद्राच्या हवेत सुया व कात्री गंजतात, म्हणून काम संपताच त्या तेलाच्या फडक्याने पुसून ठेवाव्यात. यात्रेनंतर कोट उन्हात वाळवून, घडीत कडुनिंबाची सुकी पाने घालून ठेवावा. कीटक दूर राहतात आणि पुढच्या हिवाळ्यात तो घरातील दुसऱ्या कोणाच्या अंगावर शिखरजीस जाऊ शकतो.