कॉन्ट्राचा धबधबा आणि आपण

कोनामीने १९८७ साली आर्केडसाठी काढलेला कॉन्ट्रा २०२४ च्या ‘ऑपरेशन गलुगा’पर्यंत येऊन पोचला. मेढ्यात आम्ही तो मे महिन्याच्या सुट्टीत टीव्हीला कॅसेट लावून खेळायचो. तीस जीव मिळवायची बटणं सगळ्यांना पाठ. तरी तिसरी स्टेज, धबधब्याची, दोघांत नडायचीच. पुढचा गडी घाईने वर उडी मारतो, पडदा सरकतो अन् खालचा फुकट मरतो. गोळी लागतच नाही हो त्याला!

मित्रांनो, होस्टेलवर वेगळं काय चालतं? गेल्या वर्षी माझा रूम पार्टनर एम-थ्रीत अडकून वायडी झाला. मी सबमिशन उरकून केव्हाच वर पोचलो होतो. यंदा परीक्षेआधी खालच्यासाठी एक रात्र तरी थांबूया.