'त्यागमूर्ती' नको, 'घर बघते' म्हणा



माणूस जन्मभर जे करतो त्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. नोकरी, धंदा, पेशा, व्यवसाय, उद्योग. त्यात जीव ओतला तर ध्यास, ब्रीद, जीवितकार्य. एखादा मास्तर मनापासून शिकवत असेल तर आपण त्याला हाडाचा शिक्षक म्हणतो, आणि वय झालं की तो निवृत्त होतो. आता हेच शब्द बाईच्या घरातल्या कामाला लावून बघा. एकही बसत नाही. तिच्यासाठी दोनच टोकं आहेत. एक तर "काही करत नाही, घरीच असते", नाहीतर एकदम त्यागमूर्ती, अन्नपूर्णा, माऊली. मधला, रोजच्या वापराचा शब्दच नाही.

पहिल्या टोकाबद्दल सगळ्याच तक्रार करतात. माझी तक्रार दुसऱ्याबद्दल जास्त आहे.

आपल्या धर्मात त्याग आणि व्रत हे शब्द असे स्वस्त नाहीत. दशलक्षणात उत्तम त्याग आठव्या दिवशी येतो, आधीच्या सात पायऱ्या चढून. व्रत तर आपण समजून-उमजून घेतो. काय सोडलं, किती सोडलं, किती काळासाठी, हे ठरवून घेतो. परिग्रहाचंसुद्धा परिमाण असतं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितलं आहे की ज्याला शल्य नाही तोच व्रती. माया, मिथ्यात्व आणि निदान ही ती तीन शल्यं. निदान म्हणजे फळाची इच्छा. आता सांगा, लग्न होऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी पोळपाट हातात आला, हे कोणतं व्रत? कोणत्या गुरूंसमोर घेतलं? त्याचं परिमाण काय? आणि "निदान एकदा तरी कुणी भाजी छान झाली म्हणावं" असं मनात आलं की झालंच निदान! जे वाट्याला आलं आणि आपण नीट पार पाडलं, त्याला व्रत म्हणणं म्हणजे खऱ्या व्रतींचाही मान कमी करणं आहे.

शब्दाने एवढं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. बिघडतं. माझ्या नात्यातल्या एक बाई गुडघे दाखवायला डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय काम करता?" त्या म्हणाल्या, "काही नाही, घरीच असते." चाळीस वर्षं ओट्याशी उभं राहून झिजलेले गुडघे, आणि कागदावर काम काही नाही! घरी सगळे त्यांना अन्नपूर्णा म्हणतात. अन्नपूर्णेने खुर्ची घेऊन बसायचं कसं? "आज जमणार नाही, बाहेरून मागवा" हे कामकरी बाई म्हणू शकते, देवी म्हणू शकत नाही. मखरात बसवलेल्याला रजा नसते.

आपल्या समाजातलं सगळ्यात मोठं उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांच्या घरचं आहे. कुंभोजचे भाऊराव, १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची गरीब मुलं एकत्र राहू लागली. त्यांच्या जेवणाखाण्याचं, आजारपणाचं लक्ष्मीबाईंनी पाहिलं. धान्य संपलं तेव्हा दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. भाऊरावांना लोकांनी कर्मवीर म्हटलं, म्हणजे त्या पदवीत कर्म आहे. लक्ष्मीबाईंना रयतमाऊली म्हणतात. माऊली हा शब्द गोड आहे, मला तो पुसायचा नाही. पण शंभर तोंडांचा शिधा जुळवणारा, आजारी मुलांच्या उशाशी बसणारा, पैसे संपले तर उद्याची सोय आजच बघणारा पुरुष असता, तर आपण त्याला वसतिगृहाचे व्यवस्थापक म्हटलं असतं. त्यांचं मंगळसूत्र सगळ्यांना माहीत आहे, त्यांनी रोजचा हिशेब कसा बसवला ते कुणी सांगत नाही. मी कॉमर्सची असल्यामुळे मला तेच जाणून घ्यावंसं वाटतं.

कॉमर्सवरून आठवलं. पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच लिहून ठेवलंय की एखाद्याने पगारी घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केलं तर देशाचं उत्पन्न तेवढं घटतं. काम तेच, हात तेच, फक्त पगार थांबला. आपल्याकडेही मावशींनी भांडी घासली तर ते काम, आपण घासली तर "घरचंच तर आहे". २०११ च्या जनगणनेत फक्त घरचं बघणाऱ्या बायका काम न करणाऱ्यांच्या रकान्यात गेल्या. सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत मात्र दिसलं की घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवते, आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ९७. पाच तास काम न करणं!

आणि हे काम बिनअकलेचंही नाही. मुनिमहाराजांचा चौका लावणारीला विचारा. गाळलेलं पाणी ४८ मिनिटं चालतं, उकळलेलं २४ तास. पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३. हे सगळं डोक्यात ठेवून, वेळेत, जीवहिंसा टाळून ताट तयार करायचं. एवढं शिक्षण दुसऱ्या कुठल्या कामाला लागलं असतं तर त्याला सर्टिफिकेट मिळालं असतं.

आदिनाथ भगवंतांनी माणसांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं शिकवली. त्यांनी आपल्या मुलींना काय दिलं ते विसरू नका: ब्राह्मीला लिपी, सुंदरीला अंक. श्वेतांबर परंपरेतली कथा तर अशी आहे की लोकांना कच्चं धान्य पचेना, विस्तवात टाकलं तर जळून जाई. तेव्हा भगवंतांनी हत्तीच्या गंडस्थळावर ओली माती थापून पहिलं भांडं घडवलं. म्हणजे त्या कथेत पहिलं शिल्प जन्मलं तेच स्वयंपाकासाठी. त्याला कुणी त्याग म्हटलं नाही. ते कर्म होतं, शिकवलं जाणारं, शिकलं जाणारं. हल्ली मुलालाही वरणभात लावायला शिकवायचं असेल तर आधी ते काम आहे हे मान्य करावं लागेल. त्याग कुणी कुणाला शिकवायला बसत नाही.

मग शब्द कोणता? 'होममेकर' मला परका वाटतो, 'गृहव्यवस्थापक' लग्नपत्रिकेतल्यासारखा. आपल्या व्यापारी घरांत एक साधा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मुलगा काय करतो? "दुकान बघतो." एवढं म्हटलं की गल्ला, उधारी, माल, गडी, सगळं त्यात आलं. कुणी विचारत नाही की नुसतं बघतो म्हणजे काय. तर मग सून काय करते? "घर बघते." उद्या दुकान मुलाच्या हाती सोपवतात तसं घरही सोपवता येतं, आणि सोपवून स्वाध्यायाला बसताही येतं. सासरे दुकानातून निवृत्त होतात, सासूबाईंनी का होऊ नये? निवृत्ती हा तर मुळात आपल्या धर्माचाच शब्द.

समाजाच्या परिचय पुस्तिकेचे फॉर्म सध्या घरोघर येताहेत. व्यवसायाच्या रकान्यात बायकांच्या नावापुढे मागच्या वेळी ओळीने आडव्या रेघा होत्या. यंदा माझ्या आणि सुनेच्या नावापुढे मी रेघ मारलेली नाही. तिच्यापुढे लिहिलंय, 'कंपनीत नोकरी करते, घरही बघते'. मुलाच्या नावापुढेही 'घरही बघतो' लिहायचं होतं, पण तो म्हणाला, "आई, थोडं थांब, अजून पोळ्या गोल येत नाहीत."