शब्दांची गिरणी आणि आपला प्रबंध

जालन्यातल्या आमच्या अभ्यासिकेत मागच्या महिन्यात आम्ही एक खोडी केली. कॉम्प्युटर शिकणाऱ्या एका पोराने पाच याद्या केल्या. प्रत्येक यादीत दहा-दहा तुकडे. पहिल्या यादीत 'उत्तर-आधुनिक परिप्रेक्ष्यात', 'जागतिकीकरणोत्तर अवकाशात' असले तुकडे, दुसरीत 'जातवास्तवाचे', 'स्त्रीदेहाचे', तिसरीत 'बहुमितीय अंतर्विरोध', चौथीत 'अस्मितेच्या विमर्शाला' आणि पाचवीत 'नव्याने अधोरेखित करतात'. प्रोग्रामने प्रत्येक यादीतून डोळे मिटून एक तुकडा उचलायचा आणि ओळीने जोडायचा. एवढेच काम. दहा गुणिले दहा असे पाचदा केले की एक लाख वाक्ये होतात. एक लाख वाक्ये, आणि त्यामागे विचार शून्य!

त्यातले एक वाक्य आम्ही रविवारच्या बैठकीत गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवले: "उत्तर-आधुनिक परिप्रेक्ष्यात जातवास्तवाचे बहुमितीय अंतर्विरोध अस्मितेच्या विमर्शाला नव्याने अधोरेखित करतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने तर वहीत उतरवून घेतले. फक्त घनसावंगी तालुक्यातली, ऊसतोड कुटुंबातली एक मुलगी म्हणाली, "दादा, म्हणजे नेमके काय?" उत्तर कुणाकडेच नव्हते. आमच्याकडेही नव्हते, कारण ते वाक्य कुणी म्हटलेलेच नव्हते.

ही खोडी आमची नवी नाही. 1996 साली ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या अँड्र्यू बुलहक यांनी 'पोस्टमॉडर्निझम जनरेटर' नावाचा प्रोग्राम लिहिला. वाक्याचे साचे, साच्यात पुन्हा साचे आणि रिकाम्या जागी यादृच्छिक शब्द, असे त्याचे तंत्र. बटण दाबले की तळटीपांसकट अख्खा निबंध तयार. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधले भौतिकशास्त्रज्ञ अॅलन सोकल यांनी 'सोशल टेक्स्ट' या नियतकालिकात हाताने लिहिलेला एक निरर्थक लेख छापून आणला आणि नंतर ती थट्टा होती असे स्वतःच जाहीर केले.

यावर काही लोक लगेच टाळ्या पिटतात. "बघा, समाजशास्त्र, स्त्रीअभ्यास, जातीचा अभ्यास, सगळी थोतांडे!" त्यांना पुढची गोष्टही सांगायला हवी. 2005 साली एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी 'सायजेन' नावाचा प्रोग्राम केला. तो संगणकशास्त्राचे खोटे शोधनिबंध लिहायचा. त्यातला एक निबंध अमेरिकेतल्या एका परिषदेने स्वीकारला. 2014 मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या बड्या प्रकाशकांना असे 120 हून अधिक बनावट निबंध मागे घ्यावे लागले. म्हणजे रोग एका विषयाचा नाही. जिथे वाचल्याशिवाय छापतात आणि समजल्याशिवाय माना डोलावतात, तिथे तो होतोच.

आपल्याकडे तर ही मान डोलावण्याची परंपरा फार जुनी आहे. मंत्र म्हणणाऱ्याला अर्थ ठाऊक नाही, ऐकणाऱ्याला तर नाहीच, पण दक्षिणा मात्र ठरलेली. 1869 साली 'ब्राह्मणांचे कसब' लिहिणाऱ्या जोतीरावांनी हाच धंदा उघडा पाडला. त्याच्याही कितीतरी आधी, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी, ब्राह्मण कुळातल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस भाषेत बांधण्याची परवानगी मागितली, तेव्हा तथागतांनी ती साफ नाकारली. धम्म लोकांना त्यांच्या भाषेत कळला पाहिजे, हा त्यामागचा निर्णय. मग प्रश्न असा की, ज्यांनी पोथी नाकारली त्यांच्याच पोरांनी विद्यापीठात जाऊन नवी पोथी का पाठ करावी?

याचे उत्तर देताना आम्ही आपल्या संशोधक मित्रांना दोष देणार नाही. व्यवस्था पाहा. 2016 च्या युजीसी नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध छापून येणे सक्तीचे केले. सक्ती आली तिथे दुकाने आली. 2018 च्या मे महिन्यात युजीसीलाच स्वतःच्या मान्यताप्राप्त यादीतून 4,305 नियतकालिके काढून टाकावी लागली. 2022 च्या नियमांत ती सक्ती गेली, पण दुकाने उठली नाहीत. या सगळ्यात पैसा कुणाचा गेला? घरात पहिल्यांदाच पदवी घेणाऱ्या, फेलोशिपच्या हप्त्याची वाट पाहणाऱ्या पोरा-पोरींचा. आमच्यातल्याच एकाला त्याच्या मार्गदर्शकांनी सांगितले होते, "भाषा फार साधी आहे, जरा वजनदार करा." त्याने गावातल्या मजुरीवर लिहिलेले प्रकरण वजनदार केले. त्या वजनाखाली मजूर दिसेनासा झाला.

प्रस्थापितांच्या पोराने पोकळ लिहिले तर त्याचे फारसे बिघडत नाही, ओळखीपाळखीने त्याचे निभते. आपले मात्र दुहेरी नुकसान होते. पोकळ लिहिले तर "आरक्षणवाले असेच" म्हणायला लोक टपलेले आहेत आणि ज्या वस्तीसाठी लिहायचे होते तिलाही त्यातले काही कळत नाही.

बाबासाहेबांकडे पाहा. 1916 मध्ये कोलंबियात वाचलेल्या जातीवरच्या निबंधात त्यांनी स्पष्ट दावा केला: जातीच्या मुळाशी जातीअंतर्गत विवाह आहे. हे वाक्य उलटे करा, लगेच भांडण उभे राहते, पुरावा मागावा लागतो. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडनच्या परीक्षकांनी बदल करण्यासाठी परत पाठवला. बाबासाहेबांनी निष्कर्ष तेच ठेवून मांडणी बदलली आणि 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली. त्या प्रबंधात टोचणारे काहीतरी होते, म्हणूनच तो परत आला. आमच्या प्रोग्रामच्या वाक्यावर कुणी हरकत घेईल का? 'अधोरेखित करतात' च्या जागी 'पुसून टाकतात' घाला, तरी माना तशाच डोलतील.

याचा अर्थ अवघड शब्द नकोतच असा कुणी काढू नये. 'श्रेणीबद्ध असमानता' हा अवघड शब्द आहे, पण त्यात आशय ठासून भरलेला आहे. प्रत्येक जातीच्या खाली आणखी एक जात असल्यामुळे सगळे मिळून बंड करत नाहीत, हे त्या एका शब्दात सांगता येते. शब्द आशय वाहतो की आशयाची जागा बळकावतो, एवढेच तपासायचे.

म्हणून मित्रांनो, आमची सूचना साधी आहे. आपल्या प्रबंधातले कोणतेही वाक्य घ्या आणि तीन प्रश्न विचारा. हे वाक्य उलटे केले तर कुणी हरकत घेईल का? यातली नामे बदलली तर वाक्य खोटे ठरेल का? आणि हे आपल्या आईला तिच्या शब्दांत सांगता येईल का? तिन्हींना 'नाही' आले, तर ते वाक्य यंत्राचे आहे, मग ते तुम्ही हाताने लिहिलेले का असेना. आता तर निबंध लिहून देणारी याहून हुशार यंत्रे प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आली आहेत. त्यांची वाक्ये गुळगुळीत असतात, पण कसोटी हीच राहते.

विषयांची तर आपल्याकडे कमतरता नाही. जालन्याच्या स्टील कारखान्यांत भट्टीसमोर कोण उभे असते आणि हजेरीपटावर कोणाचे नाव असते? अंबड-घनसावंगीतून फड धरायला गेलेल्या कुटुंबांची किती मुले परत शाळेत बसतात? ही वाक्ये कोणताही प्रोग्राम याद्यांतून काढून देणार नाही. त्यासाठी वस्तीवर जावे लागते, वही घेऊन बसावे लागते, मोजावे लागते.

अभ्यासिकेतल्या त्या मुलीने विचारलेला प्रश्न आम्ही आता भिंतीवर लिहून ठेवला आहे: "म्हणजे नेमके काय?" कुठल्याही व्याख्यानात, कुठल्याही चर्चासत्रात हा प्रश्न विचारायला लाजू नका. आपल्याच नेत्यांच्या भाषणातही विचारा. शिक्षणाचा अधिकार आपल्याला माना डोलावण्यासाठी मिळालेला नाही.

जय भीम!