एका बाइटची शिस्त

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेची शेवटची काही पाने दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांसाठी राखून ठेवलेली असतात. दहावी, पीयूसी, वैद्यकीय प्रवेश, पदव्युत्तर प्रवेश अशा पायऱ्या चढणाऱ्या आपल्या मुलांचे हे कौतुक यथोचितच आहे. परंतु आपल्याच घरांतून जोपासल्या जाणाऱ्या एका छंदाला त्या पानांवर कधी जागा मिळालेली नाही, आणि ती मिळावी असे कोणी सुचवल्याचेही माझ्या स्मरणात नाही. तो छंद म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांसाठी आज स्वतः नव्या आज्ञावली लिहिणे. हे वाचून काही सभासदांच्या कपाळावर आठी उमटेल याची मला कल्पना आहे. माझ्याही कपाळावर ती उमटली होती, आणि ती चूक होती एवढे सांगण्यासाठीच हा लेख.

१९९० नंतरच्या दशकात आपल्या हुबळीच्या बाजारात ‘मीडिया’ वगैरे नावांचे खेळाचे डबे मिळत. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या त्या नकला होत्या. डबा टीव्हीला जोडायचा, वरून कॅसेट बसवायची, चित्र आले नाही तर कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. त्या फुंकरीत शास्त्र किती आणि श्रद्धा किती हा प्रश्न निराळा! आमच्याही घरी असा एक डबा होता. १९९८ साली मुलाचे पीयूसीचे दुसरे वर्ष सुरू झाले, तेव्हा मी तो डबा कॅसेटींसह भंगारवाल्याला देऊन टाकला. मुलगा काही बोलला नाही. आपण पालक म्हणून एक योग्य निर्णय घेतला, असे समाधान मी पुढे पुष्कळ वर्षे बाळगून होतो.

२०२० च्या टाळेबंदीत मुलगा बंगळूरहून विद्यानगरच्या घरी राहायला आला. दिवसा वरच्या खोलीत कार्यालयाचे काम चाले. रात्रीही दिवा जळताना दिसे, तेव्हा तेही कामच असावे अशी माझी समजूत होती. एका रात्री पाणी प्यायला उठलो असता वर डोकावलो, तो टेबलावर तसाच एक जुना डबा! जुन्या बाजारातून त्याने तो मिळवला होता. ‘‘या वयात खेळ?’’ असे मी विचारले. तो म्हणाला, ‘‘बाबा, खेळत नाहीये. खेळ लिहितोय.’’

पुढच्या काही रात्री मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. जे समजले ते थोडक्यात मांडतो.

१९७७ साली अमेरिकेत आलेल्या अटारी २६०० या यंत्राची कामाची स्मृती अवघी १२८ बाइट होती. आजच्या संगणकांत प्रचलित असलेल्या पद्धतीने देवनागरीतील एक चिन्ह साठवण्यास ३ बाइट लागतात. म्हणजे या स्मरणिकेतील एखादी ओळ लिहिली की ती स्मृती भरली! संपूर्ण चित्र साठवण्यास जागाच नसल्यामुळे पडद्यावरील एकेक आडवी रेषा उमटत असतानाच तिच्यावर काय दिसावे हे आज्ञावलीला ठरवावे लागे, आणि त्यासाठी प्रत्येक रेषेमागे प्रोसेसरचे केवळ ७६ ठोके मिळत. सत्त्याहत्तराव्या ठोक्याला पुढची रेषा सुरू होई. डेव्हिड क्रेन यांनी १९८२ साली याच यंत्रासाठी ‘पिटफॉल’ हा खेळ लिहिला. त्यात जंगलाची २५५ दृश्ये आहेत, आणि सारा खेळ ४ किलोबाइटमध्ये बसतो. त्यांनी दृश्ये साठवलीच नाहीत. एका आकड्यापासून पुढचा आकडा काढण्याचे सूत्र तेवढे ठेवले आणि प्रत्येक आकड्यावरून एकेक दृश्य उभे केले. आपल्या मुलांच्या ओळखीच्या ‘सुपर मारिओ’त (१९८५) आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप ही एकच आकृती आहे, केवळ रंग निराळे. इतकी वर्षे तो खेळ घरात पाहूनही हे माझ्या लक्षात आले नव्हते.

अशा यंत्रांचा व्यापार केव्हाच संपला. तरीही जगभर विखुरलेली हौशी मंडळी त्यांच्यासाठी आजही लिहीत आहेत. मॉर्फकॅट या छोट्या गटाने २०१९ साली निन्टेंडोच्या त्याच जुन्या यंत्रासाठी ‘मायक्रो मेजेस’ हा नवा खेळ काढला, तोही ४० किलोबाइटच्या मर्यादेत. या मंडळींत एक रीत आहे. युक्ती सापडली की ती लपवायची नाही, आणि दुसऱ्याची चूक सापडली की ती कोणत्या आज्ञेत आहे हे दाखवून द्यायचे. या रीतीचे एक उदाहरण तर आपणा वैद्यकीय मंडळींना विशेष भावावे. अटारी आणि निन्टेंडो या दोन्ही यंत्रांचे प्रोसेसर १९७५ सालच्या ६५०२ या चिपच्या घराण्यातील आहेत. ग्रेग जेम्स, बॅरी सिल्व्हरमन आणि ब्रायन सिल्व्हरमन या तिघांनी अशी एक चिप उघडली, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पृष्ठभागाची छायाचित्रे घेतली, तिच्यातील सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर आणि त्यांच्या जोडण्या एकेक करून रेखाटल्या आणि २०१० साली ते सारे जगापुढे मोकळे ठेवले. प्रथम वर्षाच्या शवविच्छेदन कक्षात आपण जे केले, तेच हे. अवयव पुस्तकातून माहीत असणे निराळे आणि मज्जातंतू बोटाने मोकळा करत शेवटपर्यंत नेणे निराळे. आजचा फोन किंवा संगणक असा शेवटपर्यंत उलगडणे एका माणसाच्या आवाक्यातले नाही. ही जुनी यंत्रे मात्र एका चिकाटीच्या माणसाला पूर्णपणे समजू शकतात. माझ्या मते या छंदाचे खरे मोल यातच आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मुलाने लिहिलेल्या खेळात हुबळीहून धारवाडला जाणारी चिगरी बस होती आणि वाटेतील थांब्यांवरून प्रवासी घ्यायचे होते. एका रात्री मी स्वतः ती बस चालवत होतो. प्रवाशांची संख्या वाढत वाढत २५५ झाली, आणि पुढचा प्रवासी चढताच आकडा एकदम शून्य! मी मनापासून हसलो. मुलगा हसला नाही. एका बाइटमध्ये शून्यापासून २५५ पर्यंतच आकडे मावतात, त्यात आणखी १ मिळवला की मोजणी शून्यावर येते, हे त्याने समजावले. १९८० सालच्या ‘पॅकमॅन’ या प्रसिद्ध खेळाचा २५६ वा टप्पा याच कारणाने बिघडतो आणि अर्धा पडदा निरर्थक चिन्हांनी भरून जातो. मग तो म्हणाला, ‘‘बाबा, हीच चूक तुमच्या क्षेत्रातही झाली आहे. थेराक-२५ बद्दल वाचा.’’

मी वाचले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या प्रकरणाचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला आहे, आणि प्रत्येक डॉक्टरने तो एकदा वाचावा असे मला वाटते. थेराक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे कॅनेडियन बनावटीचे यंत्र होते. आधीच्या यंत्रांत असलेली, विद्युत-यांत्रिक स्वरूपाची सुरक्षेची कुलपे त्यातून काढून टाकण्यात आली होती आणि ती जबाबदारी आज्ञावलीवर सोपवली होती. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना मर्यादेच्या कितीतरी पट किरणमात्रा मिळाली आणि त्यांपैकी काहींचा त्यामुळे मृत्यू झाला. यातील शेवटचा अपघात जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेतील याकिमा येथे घडला. आज्ञावलीत एका बाइटची एक नोंद होती. ती शून्य नसेल तर किरणांच्या मार्गातील भाग जागेवर आहे की नाही हे तपासायचे, आणि शून्य असेल तर तपासणी वगळायची. तयारीच्या काळात ही नोंद प्रत्येक फेरीला १ ने वाढवली जाई. साहजिकच दर २५६ व्या फेरीला ती शून्य होई. नेमक्या त्याच क्षणी तंत्रज्ञाने कळ दाबली, तपासणी झाली नाही आणि पूर्ण शक्तीचा झोत रुग्णावर पडला. नंतर केलेली दुरुस्ती अगदी लहान होती : १ मिळवण्याऐवजी त्या जागी शून्येतर असा ठराविक आकडा ठेवायचा. माझ्या मुलाने आपल्या बसच्या खेळात जी चूक एका रात्रीत पकडली, तिच्याच जातीची ही चूक एका माणसाच्या जिवावर बेतली.

याच प्रकरणातील दुसरी हकिकत मला अधिक महत्त्वाची वाटते. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे एका रुग्णाला अशीच अतिमात्रा मिळाली. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले होते. कंपनीच्या अभियंत्यांनी यंत्र तपासले, त्यांना दोष आढळला नाही आणि यंत्र पुन्हा सुरू झाले. एप्रिलमध्ये तोच प्रकार दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत घडला. त्यानंतर तेथील रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी यंत्र बंद ठेवले आणि ते चालवणाऱ्या तंत्रज्ञ महिलेला सोबत घेऊन, तिने त्या दिवशी कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या ते पुन:पुन्हा करून पाहिले. अखेर दोष हवा तेव्हा घडवून आणता येऊ लागला. चुकलेली नोंद तंत्रज्ञाने सुमारे आठ सेकंदांच्या आत झटपट दुरुस्त केली, तर यंत्राला तो बदल कळतच नव्हता. सावकाश कळा दाबणाऱ्या तपासनिसांना तो कसा सापडावा? हेगर यांनी जे केले ते या छंदातील मंडळी रोज करतात. ‘असे होणे शक्य नाही’ हे उत्तर न स्वीकारता, ते कसे झाले हे पुन्हा घडवून पाहायचे.

आता स्वतःचे सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी ज्या नर्सिंग होममध्ये जात असे तेथे एका रात्री सलाइनच्या पंपावरील आकडा आणि प्रत्यक्ष जाणारे थेंब यांचा मेळ बसेना. रात्रपाळीच्या सिस्टरने थेंब मोजले, शंका येताच नळी बंद केली आणि रुग्ण सुखरूप राहिला. सकाळी दुरुस्तीचा माणूस आला, त्याने पंप बंद करून चालू केला आणि वहीत ‘ठीक आहे’ असा शेरा लिहिला. त्याखाली मी सही केली. ही हकिकत मी मुलाला सांगितली तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, ‘‘बाबा, त्या वेळी पडद्यावर आकडा कोणता होता?’’ मला सांगता आले नाही. आम्हा कोणालाच तो लिहून ठेवावासा वाटला नव्हता. रुग्णाचे तापमान दर चार तासांनी लिहिणारे आम्ही! यंत्रालाही लक्षणे असतात हे मात्र आमच्या मनात आले नाही.

या मताला आक्षेप घेतले जातील, आणि ते रास्त आहेत. खेळाचे व्यसन ही खरी व्याधी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात तिचा समावेश आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले आहे. जेवण, झोप आणि अभ्यास विसरून पडद्यापुढे बसणारी मुले आपल्या बाह्यरुग्ण विभागात येतात. त्यांच्या पालकांची काळजी मी कमी लेखत नाही. खेळ लिहिण्याच्या छंदातही रात्री जागवल्या जातात, हे मी घरातच पाहिले आहे. परंतु खेळण्यात आणि खेळ घडवण्यात अंतर आहे. घडवणाऱ्याला पदोपदी आपल्या चुकीसमोर उभे राहावे लागते, आणि यंत्र भीड बाळगत नाही. आपल्या परीक्षांमध्ये चूक झाली की गुण कापले जातात आणि मूल पुढे जाते. ती चूक का झाली हे शोधत चार रात्री घालवण्यास त्यास कोणी सांगत नाही. पुढे हीच मुले अतिदक्षता विभागात पाच-पाच यंत्रांच्या मध्ये उभी राहणार आहेत.

म्हणून मंडळापुढे नम्र सूचना मांडतो. वैद्यकीय महाविद्यालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय ही दोन्ही एकाच विद्यानगरात असण्याचे भाग्य आपल्याला लाभले आहे. दोन्हीकडच्या आपल्या मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत आठवड्यातून एक संध्याकाळ एका टेबलाभोवती बसवावे. खर्च जवळजवळ नाही. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावली विनामूल्य मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. पथ्ये दोनच. दुसऱ्याच्या खेळाची नक्कल वाटायची नाही, स्वतःचा लिहायचा. आणि हौसेपोटी कोणी जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणलाच, तर तो मुलांनी उघडायचा नाही, कारण बंद केल्यानंतरही त्यात जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

१९९८ साली भंगारात दिलेला डबा परत आणता येणार नाही. पंपावरील तो आकडाही आता मिळणार नाही. संपादक मंडळास मात्र एक विनंती करता येते : पुढील वर्षी गुणवंतांच्या पानावर एक चौकट राखून ठेवावी आणि तीत ज्या मुलाने किंवा मुलीने एखाद्या यंत्रातील चूक शोधून, ती कशी घडते हे चारचौघांसमोर पुन्हा करून दाखवले असेल, त्याचे किंवा तिचे छायाचित्र छापावे.