पिल्लांच्या वयाचा घास

गेल्या महिन्यात या सदरात आम्ही परसातल्या कोंबड्यांविषयी लिहिले. त्यावर बऱ्याच घरांतून एकच प्रश्न आला: पिल्लांना काय घालायचे? हा प्रश्न येणार हे ठाऊक होते, आणि उत्तर देताना आमची एक चूक सांगावी लागणार, हेही ठाऊक होते. तेव्हा ती आधीच सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही गिरिराज जातीची एक दिवसाची तीस पिल्ले आणली. वीस आमची आणि दहा शेजारच्या मावशींची. घिवलीत आमच्या घराला लागूनच त्यांचे घर. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. जवळा, बोंबील सुकवायचे आणि पाटी घेऊन बाजाराला जायचे, यावर त्यांचे घर चाले. गुडघे थकल्यावर पाटी उचलवेना. अंडी विकून औषधपाण्याचे तरी निघेल, असा त्यांचा हिशोब होता. पिल्ले घ्या हे आम्हीच सुचवले होते.

पहिला महिना छान गेला. पाचव्या आठवड्यात पिल्लांच्या खाद्याचे पोते संपले. घरात आमच्या सहा अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी आणलेले लेयर खाद्य अर्धे पोते पडून होते. आम्ही विचार केला, कोंबडीचेच खाद्य, मोठीला चालते तर लहानीला का चालू नये? तेच घातले. मावशींनाही डबा भरून दिला, वर सांगितले की हे तर जास्त चांगले, महाग आहे.

तीन-चार आठवड्यांत पिल्ले मलूल झाली. पाणी फार पिऊ लागली, विष्ठा पांढरी आणि पातळ. पुढच्या आठ दिवसांत नऊ पिल्ले मेली. त्यातली सहा मावशींची. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगितलं म्हणून घातलं." वीस वर्षे शाळेत शिकवतो आहोत, पण इतकी शरम कधी वाटली नव्हती.

मेलेले एक पिल्लू घेऊन आम्ही पशुवैद्यकांकडे गेलो. त्यांनी ते उघडून दाखवले. मूत्रपिंड सुजलेले, काळजावर आणि यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर. कारण त्यांनी सोप्या शब्दांत सांगितले. अंडे देणाऱ्या कोंबडीला रोज कवच घडवायचे असते, म्हणून तिच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते. पिल्लाला एक टक्का पुरते. जास्तीचे कॅल्शियम बाहेर टाकता टाकता त्याचे कोवळे मूत्रपिंड निकामी होते. मग युरिक आम्ल शरीरातच साठते, तोच तो पांढरा थर.

तेव्हापासून आम्ही वयाप्रमाणे खाद्य घालतो. पुढे लिहिले आहे ते अंड्यांसाठी पाळायच्या पिल्लांविषयी.

पहिला दिवस. पिल्लू आणल्यावर आधी पाणी, मग दाणा. कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून द्यावा. दोन-तीन तासांनी कागद पसरून त्यावर खाद्य शिंपडावे, म्हणजे पिल्ले टिपायला शिकतात. पहिल्या आठवड्यात ऊब साधारण ३५ अंश सेल्सिअस लागते. पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करावी. गारठलेले पिल्लू समोर दाणा असूनही खात नाही.

पहिले आठ आठवडे. या काळात स्टार्टर, म्हणजेच चिक खाद्य. त्यात प्रथिने २० टक्के असावीत. आपल्याकडे पिल्लांना तांदळाची कणी घालायची रीत आहे. कणीने पोट भरते, पण तिच्यात प्रथिने आठ टक्क्यांच्या आसपासच. नुसत्या कणीवर पिल्लू जगते, पण पिसे नीट येत नाहीत आणि वाढ खुंटते. आठ आठवड्यांत एक पिल्लू साधारण दोन किलो खाते, यावरून किती पोती लागतील ते आधीच काढून ठेवा. आमचे नुकसान पोते मध्येच संपल्याने झाले.

आठवा ते अठरावा-विसावा आठवडा. या वयाला ग्रोअर खाद्य, प्रथिने १६ टक्के. हाडे बळकट व्हावीत पण चरबी चढू नये, असे हे वय. कणी, घरातला पाला, किडे-मुंग्या आता जोडीला चालतील. बॉयलर कोंबडीचे फिनिशर खाद्य मात्र घालू नये. ते थोड्या दिवसांत मांस वाढवण्यासाठी असते, अंड्यांच्या पाखराला उपयोगाचे नाही.

त्यानंतर लेयर खाद्य. तुरा लाल होऊ लागला किंवा पहिले अंडे दिसले की ते सुरू करावे. समुद्रकाठच्या घरांना येथे एक सोय आहे: शिंपल्या धुऊन, वाळवून, भरडून वेगळ्या भांड्यात ठेवाव्यात. कोंबडी आपल्या गरजेइतक्या टिपते. पिल्लांच्या भांड्यात शिंपली टाकू नये, कारण वर सांगितलेच आहे.

खाद्य बदलताना एकदम बदलू नये. चार-पाच दिवस जुन्यात नवे मिसळत जावे. लहान-मोठी एकाच अंगणात असतील तर फळ्यांचा खोका उलटा ठेवून, पिल्लू शिरेल पण कोंबडी शिरणार नाही एवढी फट ठेवावी आणि पिल्लांचे खाद्य आत ठेवावे. काही स्टार्टर खाद्यांत रक्ती हगवणीवरचे औषध मिसळलेले असते. ते अंडी देणाऱ्या कोंबडीच्या पोटात जाऊ नये, यासाठीही ही सोय उपयोगी पडते.

ग्रोअरच्या वयाला घरी मिश्रण करायचे तर सातवी-आठवीचे गणित पुरते. मक्यात प्रथिने साधारण ९ टक्के, सोयाबीनच्या पेंडीत ४५. आपल्याला हवीत १६. पेंडीचे ४५ वजा १६ म्हणजे २९ भाग मका, आणि १६ वजा ९ म्हणजे ७ भाग पेंड. एकूण ३६ किलो. त्यात खनिज मिश्रण आणि जीवनसत्त्वे दुकानदाराला विचारून घालावीत, नुसत्या मका-पेंडीवर भागत नाही. लहान पिल्लांसाठी मात्र पहिले आठ आठवडे तयार खाद्यच घ्यावे.

सुकट आपल्या भागात हाताशी असते. जवळा प्रथिनांनी भरलेला, पिल्ले त्यावर तुटून पडतात. पण मीठ लावून सुकवलेली मासळी पिल्लांना कधीही घालू नये, मीठ त्यांना विषासारखे बाधते. बिनमिठाचा जवळासुद्धा गोड्या पाण्यात दोनदा धुवावा, वाळवून कुटावा आणि थोडाच मिसळावा. जास्त झाला तर अंड्याला मासळीचा वास येतो.

पावसाळ्यात पोते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, तोंड बांधून ठेवा. पंधरा दिवस पुरेल इतकेच आणा. बुरशीचा वास आला तर ते खाद्य फेकून द्या. बुरशीचे विष उन्हात वाळवल्याने जात नाही.

आमची दादी म्हणायची, ज्याला कोंडून ठेवले त्याच्या पोटाचा हिशोब आपल्याला द्यायचा आहे. मोकळी कोंबडी आपले अन्न निवडते. खुराड्यातल्या पिल्लाला आपण घालू तेच खावे लागते.

गेल्या वर्षी आम्ही मावशींना दहा पिल्ले आणून दिली, स्टार्टरच्या पुऱ्या पोत्यासह. त्यातली आठ मोठी झाली आणि आता अंडी देतात. मावशींना वाचता येत नाही, पण नवे पोते आले की त्यावरची चिठ्ठी फाडून त्या आमच्या दारात येतात. "बाई, आकडा वाचा." आम्ही प्रथिनांचा आकडा वाचतो, मग कॅल्शियमचा. दोन्ही ऐकून झाले की मगच त्या पोत्याची शिवण उसवतात.

पुढच्या महिन्यात इन्शाअल्लाह पावसाळ्यातल्या खुराड्याविषयी.