एकट्याच्या प्रवासात माणसे किती?

देशभर एकट्याने गाडी चालवत फिरून आलेल्या माणसाविषयी मला असूया नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. पुढचे वाचून तसा समज होण्याचा संभव आहे. माझा आक्षेप त्या प्रवासाला नाही. त्यावरच्या लेखनाला काहीसा आहे, आणि त्या लेखनाच्या समीक्षेला पुष्कळच आहे.

प्रवासवर्णनावरील एका चर्चासत्रात एका वक्त्यांनी असा सिद्धान्त मांडला की, मराठी माणूस मुळात घरकोंबडा. घराबाहेर पडलाच तर यात्रेला जातो, तेही घोळक्याने. त्यामुळे 'खरे' प्रवासवर्णन मराठीत आत्ता कुठे, म्हणजे मोटारसायकलवर एकट्याने देश पालथा घालणारा तरुण लिहू लागल्यापासून, अवतरले आहे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी दोन प्राध्यापक हे विधान वहीत उतरवून घेताना मी पाहिले. म्हणजे आता ते प्रश्नपत्रिकेत येणार आणि मुले ते पाठ करणार. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी बीड तालुक्यातल्या लिंबागणेशचा. पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ आमच्याकडे मांजरसुंब्यावरून जातो. तिथून पाटोद्याच्या वाटेला लागले की बालाघाटच्या माळावर आमचे गाव. गावात भालचंद्र गणपतीचे जुने देवस्थान आहे. महामार्गावरून देश उभा पार करणारे एकटे स्वार मांजरसुंब्याला चहासाठी थांबतात. एखादा कपिलधारचा धबधबा पाहायला वळतो, एखादा चुकूनमाकून आमच्या गणपतीपर्यंतही येतो. त्यांच्याशी बोलायला मला आवडते. दसरा-दिवाळी झाली की ह्याच रस्त्याने दुसरे प्रवासी निघतात. ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांमध्ये भांडी, अंथरुणे, शेळ्या, लेकरे आणि त्यांच्यावर बसलेली माणसे. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर पाच-सहा महिने ऊस तोडायला जातात. रस्ता एकच, चहाचे हॉटेलही तेच. आपल्या वाङ्मयेतिहासात मात्र पहिला प्रवासी ठरतो आणि दुसरा 'स्थलांतरित'. पहिल्यासाठी प्रवासवर्णनाचे प्रकरण असते, दुसऱ्यासाठी समाजशास्त्राचा विभाग.

ह्यावर ठरलेले उत्तर येते: प्रवासाला स्वेच्छा लागते, पोटासाठी जाणे हा प्रवास नव्हे. हे उत्तर देणाऱ्याने आपल्याच परंपरेतला पहिला मोठा ग्रंथ वाचलेला नाही, असे नाइलाजाने म्हणावे लागते. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून निघाले ते देश पाहण्याच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते आणि मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, अशी वार्ता होती. म्हणजे कामाच्या शोधात निघालेला हा गरीब माणूस होता आणि सोबत काका होते. पुढे बंडाच्या धामधुमीत सापडून त्यांनी झाशीचा विध्वंस डोळ्यांनी पाहिला, मिळवलेले लुटारूंच्या हवाली केले आणि अखेर गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेला 'माझा प्रवास' आपण ज्या अभिमानाने शिकवतो, त्यात स्वेच्छा कोठे आहे आणि एकटेपण तरी कोठे? पुस्तक टिकले ते गोडसे भटजींना कोणी जेवू घातले, कोणी आसरा दिला, कोणी लुबाडले, ह्या तपशिलामुळे. भाकरी कोणाची खाल्ली हे ते विसरत नाहीत.

'एकटा' ह्या शब्दाला माझी खरी हरकत येथे आहे. आजच्या एकट्या स्वाराच्या मागेही माणसे असतातच. भर उन्हात पंक्चर काढणारा, पेट्रोल भरणारा, पहाटे चार वाजता उठून चहा टाकणारा, रस्त्यावर डांबर ओतणारा. पण त्याच्या लेखनात ती निसर्गाचा भाग होऊन येतात. ढाबेवाला 'दिलदार' असतो, म्हातारी 'सुरकुत्यांतून हसणारी' असते, आणि दोघांचे काम एकच: नायकाला स्वतःचा शोध लावून देणे. हिमालय काय आणि ढाबेवाला काय, दोघेही आरसेच. मग समीक्षकाने त्याला 'आत्मशोधाचे प्रवासवर्णन' म्हणावे, ह्यात नवल नाही.

गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ह्या लेखनाशेजारी ठेवून पाहावी. शीर्षकातच 'कुणा एकाची' आहे. म्हणजे एकटेपण तेथेही आहे. परंतु नर्मदेच्या परिक्रमेत परिक्रमावासीयाला शिधा मागावा लागतो, रोज कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते. ज्याच्या दारात उभे राहिलो तो माणूस लेखनात आरसा होऊ शकत नाही. नकार देण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो, म्हणून तो माणूस म्हणून उभा राहतो. पाकिटात पैसे असले की हा नकार आयुष्यातून जातो आणि पाठोपाठ लेखनातूनही जातो.

अर्थात दारात उभे राहण्याची सोयही सर्वांना सारखी नव्हती. गोडसे भटजींना त्यांच्या जातीमुळे अनेक दारे उघडी होती. ज्याला ती नव्हती त्याचे प्रवासवर्णन आपण कोठे ठेवले आहे? डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आठवणींतली पहिलीच हकीकत १९०१ सालच्या प्रवासाची आहे. वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनावर उतरतात. ती महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर एक कबूल होतो, पण गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने चालत यायचे, ह्या अटीवर. शिदोरी बरोबर असते, परंतु पाणी कोणी देत नाही म्हणून मुले उपाशी राहतात. गाडी स्वतः चालवण्यातल्या स्वातंत्र्याविषयी आजच्या प्रवासलेखकांनी जी पाने लिहिली आहेत, ती वाचताना मला ही बैलगाडी हमखास आठवते. त्या मुलांनीही गाडी स्वतःच चालवली होती.

त्याच लेखनात १९३४ सालची आमच्या मराठवाड्यातली, दौलताबादची हकीकत आहे. वेरूळ पाहायला निघालेली तीसेक माणसे किल्ल्याच्या दाराशी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतात आणि पाणी बाटवले म्हणून गदारोळ होतो. शेवटी पाण्याला शिवू नये म्हणून सशस्त्र शिपाई बरोबर देऊन त्यांना किल्ला दाखवला जातो. हे सहलीचे वर्णन नव्हे तर दुसरे काय आहे? तरीही माझ्या पाहण्यातल्या एकाही प्रवासवर्णनविषयक प्रबंधात ह्या पानांचा उल्लेख नाही.

घरकोंबडेपणाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. नामदेवांची पदे पंजाबात पोचून गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली, आणि त्याच नात्याने २०१५ साली साहित्य संमेलन घुमानला भरले. आईवडील दुष्काळात गेल्यावर पंडिता रमाबाई भावासोबत पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या. वक्त्यांना ही नावे ठाऊक नसतील असे नाही. घोळक्यातला आणि गरजेचा प्रवास त्यांनी मोजायचाच नाही असे ठरवले आहे, इतकेच.

आता प्रतिपक्षाच्या दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. पहिली, मुलीने एकटीने देश फिरणे हे निराळे प्रकरण आहे. एकट्या बाईला खोली नाकारणारे लॉज अजून आहेत, आणि तिने घराबाहेर काढलेली प्रत्येक रात्र कोणाशी तरी वाद घालून मिळवलेली असते. म्हणूनच की काय, अशा स्त्रियांच्या लेखनात माणसे आरसा होत नाहीत. कोणावर विश्वास ठेवला आणि का ठेवला, हे त्यांना सांगावेच लागते. दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. लिहायला एकांत लागतो. पहाटे फडात शिरून रात्री मोळ्या भरून देणाऱ्या आणि मग कोपीत चूल पेटवणाऱ्या बाईला तो मिळत नाही. एकट्या स्वाराला मिळतो आणि त्याचे तो काहीतरी करतो. माझ्या युक्तिवादाने हा फरक पुसला जात नाही, हे मला कळते.

परंतु एकांत मिळालेल्यांचे आम्ही काय करतो, तेही पाहू. बी. ए.च्या वर्गाला मी दरवर्षी 'माझा प्रवास' हा स्वाध्याय देतो. एका वर्षी एका मुलीने महाबळेश्वरच्या सहलीवर चार पाने लिहिली. धुके, स्ट्रॉबेरी, सूर्यास्त, सगळे जागच्या जागी होते. मी बरे गुण दिले. पुढे बोलता बोलता कळले की ती महाबळेश्वरला कधी गेलेलीच नाही. आठवीपर्यंतचे प्रत्येक वर्ष तिने निम्मे आजीकडे आणि निम्मे कारखान्यावर काढले होते. कोल्हापूरकडच्या कितीतरी गावांची नावे, तिथल्या मातीचा रंग, कोठल्या गावात विहिरीवर पाणी भरू देतात आणि कोठे हाकलतात, वाढे कोठे विकले जाते, हे सगळे तिला तोंडपाठ होते. मग हे का लिहिले नाहीस, असे विचारले तर म्हणाली, "सर, तो प्रवास थोडाच आहे? ते तर तोडीला जाणं."

ही व्याख्या तिला कोणी शिकवली? चर्चासत्रातल्या वक्त्यांनी नव्हे. मीच, माझ्या टिपणांमधून. त्यात हेतू, स्वेच्छा, सौंदर्यदृष्टी असे प्रवासवर्णनाचे घटक क्रमांक घालून दिलेले होते आणि मुलांनी ते परीक्षेत जसेच्या तसे उतरवून काढले होते.

ती टिपणे मी आता फाडली आहेत. यंदापासून स्वाध्यायाआधी गोडसे भटजींचा झाशीतला भाग आणि मसूरच्या बैलगाडीची हकीकत वर्गात एकापाठोपाठ वाचून दाखवायची, आणि नंतर एखाद्या एकट्या स्वाराचे एखादे प्रकरणही, असे ठरवले आहे. मसूरची हकीकत प्रवासवर्णनात कशी, ती तर आत्मचरित्रात धरायला हवी, अशी विचारणा विभागातल्या एका सहकाऱ्याने केली आहे. अध्यापन नोंदवहीत मी तिच्यासमोर 'प्रवासवर्णन' असेच लिहिले आहे.