वारा, पाणी आणि आपली पेढी

अलीकडे आमच्या बालाघाटच्या बाजारात कित्येक गल्ल्यांजवळ हसरा बुद्ध व लाल धाग्यात ओवलेली तीन चिनी नाणी दृष्टीस पडतात. ‘फेंग शुई’ या चिनी शब्दांचा अर्थ ‘वारा आणि पाणी’ असा आहे. आणि धान्याच्या व्यापाऱ्यास या दोहोंचे महत्त्व नव्याने शिकवावयास नको. वैनगंगेच्या खोऱ्यातील धान ओलसर राहिले, तर कोठाराचे दार कोणत्याही दिशेस असो, त्यास बुरशी व कीड लागणारच. मग औषध घालावे लागते व असंख्य जीवांची हिंसा घडते.

म्हणून धानाचा ओलावा शेकडा १४ च्या आत असावा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. खिडक्या कोरड्या हवेत उघडाव्यात, पावसाळी हवेत मिटाव्यात. २०२१ साली आपल्या चिन्नोर तांदळास भौगोलिक मानांकन लाभले. तो लौकिक अशा दक्षतेनेच टिकेल.

शोभेची नाणी कोणी खुशाल टांगावीत. परंतु सुखदुःख हे स्वकर्माचे फळ मानणाऱ्या समाजाने, सल्लागाराच्या शब्दावरून दार फोडण्यापूर्वी कोठाराचे गळके छप्पर दुरुस्त करावे, असे आमचे नम्र मत आहे.